१८८ गोळ्या

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कर्ती माणसं गावात कमी आणि परमुलखात जास्त. पाऊस बेभरवशाचा, म्हणून मागच्या पिढ्यांनी सोनं-चांदी गाळायचा धंदा धरला आणि त्याच्यामागे माणसं केरळपासून बंगालपर्यंत पांगली. गलाई म्हणतात त्याला. बारावीनंतर मीही चुलत्याच्या ओळखीनं कोइंबतूरला एका दुकानात लागलो. दुकान म्हणजे पुढं काउंटर, मागं भट्टी आणि भट्टीच्या वर पोटमाळा. आम्ही सहाजण त्या पोटमाळ्यावर झोपायचो. चोरीच्या भीतीनं मागच्या भिंतीला खिडकी ठेवलेली नव्हती. तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, तांबूस धूर नळकांड्यातून बाहेर जायचा, थोडा आतच घुटमळायचा.

२०२२ च्या पावसाळ्यात मला खोकला लागला. संध्याकाळी बारीक ताप यायचा, रात्री अंगाला घाम सुटायचा. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग जास्त ताकदीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा थोडं बरं वाटलं. दुकानात सगळ्यांचं एकच मत, तेजाब बाधलं. धूर वाईटच आहे, फुप्फुसं खराब करतो, हे खरं. पण मला झाला होता क्षय, आणि क्षयाचा जंतू धुरातून येत नाही. तो दुसऱ्या माणसाच्या श्वासातून येतो आणि बंद खोलीत तासन् तास हवेत तरंगत राहतो. आमच्यातला आटपाडीकडचा एकजण माझ्याआधी वर्षभर खोकत होता. तो गावी गेला आणि परत आला नाही. त्याची आणि माझी अंथरुणं शेजारी होती.

दिवाळीला गावी आलो तेव्हा वजन ४४ किलोवर उतरलं होतं. ओसरीवर बसून खोकत होतो, तर आजी चुलीपुढनं उठून बाहेर आली. थोडा वेळ नुसती ऐकत उभी राहिली आणि आईला म्हणाली, "थोरल्या दिरावानी खोकतोय गं ह्यो. दवाखान्यात न्या त्याला, आजच्या आज."

हे थोरले दीर म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. लालबागच्या गिरणीत कामाला होते. आजी तेराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, ते साल १९५० च्या आसपासचं. तेव्हा ते गिरणी सोडून घरी आलेले होते. मळ्यात एक खोपी घालून त्यांना तिथं ठेवलं होतं. ताट-तांब्या वेगळा. आजी भाकरी घेऊन जायची आणि बांधावर ठेवून मागं फिरायची. "सुई निघालीया म्हणून कुणी सांगितलं हुतं," आजी म्हणाली. "मोठ्या डॉक्टरकडं नेलं. एक एकर काढलं. जेवढ्या सुया आल्या तेवढ्या दिल्या. मग संपल्या." ते दोन वर्षांनी खोपीतच गेले.

त्या सुईचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला ती १९४३ साली मातीतल्या जंतूपासून मिळाली. त्याचे वरिष्ठ सेल्मन वाक्समन यांना १९५२ साली तिच्यासाठी नोबेल मिळालं. म्हणजे आमच्या मळ्यातला माणूस खोकत होता तेव्हा औषध जगात होतं. त्याच वर्षांत कुमार गंधर्वांनाही क्षय झालेला. १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले, पाच-सहा वर्षं गाणं बंद राहिलं, आणि पुढं स्ट्रेप्टोमायसिननं ते उठले. एक फुप्फुस निकामी होऊनही ते कसे गायले हे महाराष्ट्राला सांगायला नको. मला त्यांच्याबद्दल कृतज्ञताच वाटते, ते वाचले याचा आनंदच आहे. पण लालबागच्या साच्यावर काम करणाऱ्या माझ्या थोरल्या आजोबांना आवाज होता की नव्हता, हेसुद्धा आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

आजारपणात मी या रोगाचा इतिहास वाचत गेलो. वाचण्याशिवाय दुसरं काही करण्याची ताकद नव्हती. आणि वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की झाली. प्रत्येक औषधाला दोन तारखा असतात. एक ते सापडलं ती, आणि दुसरी ते आपल्या दारात आलं ती. पहिली तारीख पाठ्यपुस्तकात असते. माणसं दुसऱ्या तारखेच्या आधी मरतात.

तर, तपासणी. वाडीवरच्या आशाताई दुसऱ्याच दिवशी घरी आल्या. दोन छोट्या डब्ब्या दिल्या. "दादा, नुसती थुंकी नको. छातीतनं खाकरून बेडका काढायचा. एक आत्ता, एक उद्या तोंड धुतल्यावर, काही खायच्या आधी." मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहून मी ते केलं. डब्ब्या विट्याला गेल्या. तिथं त्या यंत्रात घातल्या. आमच्याकडं सगळे त्याला सीबीनॅट म्हणतात. एक बंद काडतूस असतं, त्यात नमुना घालायचा, आणि दोन तासांत यंत्र दोन गोष्टी सांगतं. जंतू आहे का, आणि तो रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का.

हे यंत्र किती मोठी गोष्ट आहे हे मला नंतर कळलं. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्या काळात दर सात मृत्यूंमागे एक क्षयाचा, असं त्यांनी त्या भाषणात सांगितलं होतं. जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पद्धत त्याच एक-दोन वर्षांत पक्की झाली. आणि त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं गरीब देशांतल्या माणसाची मुख्य तपासणी तीच राहिली! तिच्यात निम्म्याच्या आसपास रोगी सुटून जायचे आणि औषधाला दाद न देणारा जंतू तर ओळखूच यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं या काडतुसाच्या तपासणीला मान्यता दिली ती २०१० साली. गरीब देशांसाठी काडतुसाची किंमत पुढं ९.९८ डॉलर ठरली आणि दहा-अकरा वर्षं तिथंच राहिली. ते पाच डॉलरला विकणं परवडतं असा हिशेब मांडून जगभरातल्या रुग्णांच्या संघटना आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' भांडत होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये किंमत उतरली, ७.९७ डॉलरवर. दरम्यान गोव्याच्या कंपनीनं बनवलेलं ट्रूनॅट नावाचं देशी यंत्रही आलं, ते बॅटरीवर चालतं आणि आता तालुक्याच्या खालीही दिसतं.

माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचा बेडका अशा यंत्रात कधीच गेला नाही. गावी गेल्यावर त्याला साधा क्षय समजून सहा महिन्यांच्या साध्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, असं त्याच्या भावानं फोनवर सांगितलं. त्यानं त्या इमानदारीनं घेतल्या. चौथ्या महिन्यात तो वारला.

माझा निकाल आला तेव्हा आमच्या तालुक्याच्या उपचार पर्यवेक्षकांनी स्वतः फोन केला. "घाबरू नका, पण साध्या गोळ्यांनी जायचा नाही. तुमचा एमडीआर दिसतोय, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा. उद्या सांगलीला यायचंय, दोन-चार दिवस राहायच्या तयारीनं." मग आवाज बदलून विचारलं, "घरात लहान मूल आहे का?" मुलगी चार वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकलवरून वाडीवर आले, सगळ्यांची चौकशी करून एक्स-रेच्या चिठ्ठ्या लिहून गेले. मुलीची तपासणी स्वच्छ आली तो दिवस या सगळ्या काळातला सर्वांत चांगला. कोइंबतूरच्या दुकानातल्या उरलेल्या चौघांचीही नावं-नंबर त्यांनी घेतले आणि तिकडच्या लोकांना कळवलं. चौघांपैकी एकाला निघाला, नशिबानं साध्या प्रकारचा.

सांगलीच्या वॉर्डात आधी तपासण्या झाल्या. रक्त, लिव्हर, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, आणि ईसीजी. ईसीजी कशाला म्हणून मी विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "नवीन गोळी हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करू शकते. म्हणून आधी बघायचं आणि नंतरही बघत राहायचं." बेडक्याचा आणखी एक नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला, जंतू आणखी कुठल्या औषधाला दाद देत नाही ते बघायला. निकाल बरा आला. म्हणून मला नऊ ते अकरा महिन्यांचा, फक्त तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचा उपचार मिळाला. सात औषधं. त्यातलं नवीन ते बेडाक्विलिन.

ती बाटली पांढरी, मुठीत मावेल एवढी. आत १८८ गोळ्या. पहिले दोन आठवडे रोज चार, मग बावीस आठवडे आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन. उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवणाबरोबर घेतली तर अंगात दुपटीच्या आसपास मुरते. सिस्टरनी ती माझ्या समोर उघडली, मोजून चार गोळ्या हातावर ठेवल्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

आमच्या पलीकडच्या वाडीत एक गडी आहे, माझ्या चार-पाच वर्षं आधी त्याला हाच रोग झाला होता. तो बरा झाला, पण बहिरा झाला. तेव्हा महिनोन्महिने रोज एक इंजेक्शन घ्यावं लागायचं आणि ते इंजेक्शन कानाच्या आतल्या पेशी मारून टाकायचं. डॉक्टरांना ते माहीत होतं, पण दुसरं हातात नव्हतं. आता बैलगाडीच्या मागं मोटारीचा हॉर्न वाजला तरी तो वळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलं की त्या इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिन आधी द्या. अमेरिकेत या गोळीला मंजुरी मिळाली होती २०१२ च्या डिसेंबरात. चाळीस वर्षांनंतर क्षयावर आलेलं हे पहिलं नव्या जातीचं औषध. चाळीस वर्षं का लागली, याचं कारण कुणी लपवलेलं नाही. रिफॅम्पिसिननंतर श्रीमंत देशांतला क्षय ओसरला आणि जो रोग श्रीमंतांना होत नाही त्याच्या औषधात कंपन्यांना पैसा दिसेना.

औषध आल्यावरही ते आलं म्हणजे काय? सुरुवातीला कंपनीनं तीन भाव ठेवले होते. सहा महिन्यांच्या कोर्सला श्रीमंत देशांना ३०,००० डॉलर, मधल्यांना ३,०००, गरिबांना ९००. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब केला होता की हे औषध मोठ्या प्रमाणावर बनवलं तर नफ्यासकट महिन्याला ८ ते १७ डॉलरांत बसेल. आपल्या देशात २०१६ साली ते सरकारी कार्यक्रमात आलं तेव्हा सुरुवातीला फक्त सहा केंद्रांत होतं. पाटण्याच्या एका १८ वर्षांच्या मुलीला ते हवं होतं. ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून नकार मिळाला. तिच्या वडिलांना २०१७ च्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा मिळालं. एका गोळीसाठी बापाला कोर्टाची पायरी चढावी लागते, हे वाचून मी बराच वेळ बाटलीकडं बघत राहिलो. मला ती विनाखटपट, विनापैसा, सरकारी दवाखान्यात मिळाली होती. त्या मुलीच्या बापासारखी माणसं आधी भांडली म्हणून मिळाली.

वॉर्डात बायकांच्या बाजूला बीडकडची एक ऊसतोड बाई होती. तिलाही एमडीआर. नवरा दिवसभर खालच्या पायरीवर बसलेला. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती आणि ती नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून. बायको आडवी झाली की कोयता मोडला, एकट्या माणसाला फडात कुणी घेत नाही. उचल मात्र फेडायचीच. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "दादा, गोळ्या फुकट आहेत हो. पण ती गोळ्या खाऊन जितके दिवस बसणार, तितक्या दिवसाचं काय?" मी निरुत्तर झालो. पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, ती माणसं परत बीडला जाणार आणि वर्षभरानं कुठल्या तरी तिसऱ्याच कारखान्यावर. निक्षय नावाच्या नोंदणीत रुग्णाचा एक क्रमांक असतो आणि त्यावर औषध देशात कुठंही पुढं चालू करता येतं. हे पर्यवेक्षकांनी तिच्या नवऱ्याला तीन वेळा समजावून सांगितलं, क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्यानं तो कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. पुढं काय झालं मला माहीत नाही. कोपीत राहणाऱ्या बाईनं पोटभर जेवून रोज गोळ्या घ्याव्यात, हे सांगणं सोपं आहे.

वॉर्डातून जिथून मी खिडकीबाहेर बघायचो तिथून मिरजेच्या रस्त्याची रहदारी ऐकू यायची. त्या रस्त्यावर वानलेसवाडी आहे. विल्यम वानलेस हे कॅनडातून आलेले मिशनरी डॉक्टर, त्यांनी १८९४ साली मिरजेला दवाखाना उभा केला. वानलेसवाडीत पुढं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. तिकडं साताऱ्याच्या अंगाला पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढलं. औषध नव्हतं त्या काळात थंड हवा, दूध-अंडी आणि विश्रांती, एवढंच हातात होतं. पण विश्रांती कुणाला परवडायची? सहा महिने व्हरांड्यात पडून राहायला घरात दुसरा कमावता लागतो. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या, एकविसाव्या वर्षी. कॉखचा शोध पाच वर्षांपूर्वीच लागला होता. जंतू सापडला होता, त्याला मारणारं काही सापडायला आणखी छप्पन्न वर्षं होती.

आणि मग मद्रास. हा भाग मला सर्वांत जास्त भिडला, कारण त्याचं मोठेपण आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही. १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं. भारतीय आयसीएमआर, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार मिळून. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे पहिले प्रमुख. प्रश्न असा होता की औषध आहे, पण सगळ्या रोग्यांना पुरतील एवढ्या खाटा भारतात कधीच होणार नाहीत, मग घरी ठेवून उपचार केला तर चालेल का? शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले. निम्मे आरोग्यधामात, निम्मे आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरच्यांना जेवण निकृष्ट, खोली एकच, बरेचजण कामालाही जायचे. तरी वर्षअखेर दोन्ही गटांत बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. एकूण पाच वर्षं त्यांच्या घरच्यांवर लक्ष ठेवलं, तर घरी ठेवल्यामुळं घरात रोग जास्त पसरला असंही दिसलं नाही. औषध सुरू झालं की माणूस लवकरच इतरांना धोकादायक राहत नाही, हे त्यातून कळलं. मद्रासच्या झोपड्यांतल्या माणसांनी हे सिद्ध करून दिलं आणि युरोपातली आरोग्यधामं त्यानंतर एकामागून एक बंद होत गेली.

मी गोळ्या सुरू केल्यावर आईनं माझं ताट वेगळं काढलं होतं. मी तिला मद्रासची ही गोष्ट सांगितली. तिला किती पटली कुणास ठाऊक. पण आजी म्हणाली, "डाक्टर म्हनतोय न्हवं, मग? खोपीत न्हाई ठेवायचा ह्याला." आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. सोप्याची दोन्ही दारं दिवसरात्र उघडी ठेवायची, पहिले काही आठवडे तोंडाला मास्क, मुलीनं रात्री आजीजवळ झोपायचं, एवढं पाळलं.

घरचे महिने कठीण गेले. इथिओनामाइड नावाच्या गोळीनं तोंडाला धातूची चव येते आणि मळमळ थांबत नाही. दुपारच्या जेवणानंतर घेतली तर थोडी सहन होते, हे बऱ्याच दिवसांनी जमलं. सांधे दुखायचे. क्लोफाझिमिननं कातडी काळी-तांबडी पडली, इतकी की गावातली पोरं ओळखेनात. लोकांनी काय काय अर्थ काढले असतील ते असोत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रंग हळूहळू परत येतो, वर्ष-दीड वर्ष लागतं. आला. एका महिन्यात एक गोळी तालुक्याच्या साठ्यात नव्हती. पर्यवेक्षकांनी शेजारच्या तालुक्यात फोन करून, स्वतःचं पेट्रोल जाळून ती आणली. या लोकांबद्दल मला इथं जोरानं म्हणायचंय की यांतले कितीतरीजण कंत्राटी आहेत. आशाताईंना तर पगारही नाही, मानधन आणि कामागणिक पैसे. क्षय हटवण्याची मोठमोठी भाषणं होतात, पण वाडीवर चालत येणारं माणूस स्वतः उद्याच्या भरवशावर नसतं.

निक्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे. खात्याला आधार जोडण्याच्या भानगडीत पहिले पैसे खूप उशिरा आले. दोन अंडी रोज खायची म्हटली तरी त्यातले बरेचसे त्यातच जायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. आणि हे पैसे उपकाराचे नाहीत, औषधाइतकेच औषध आहेत. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसं. रुग्णाला महिन्याला १० किलोचा शिधा आणि ज्या घरांना वाढीव शिधा द्यायचा ठरलं तिथं माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ. नुसत्या त्या शिध्यानं घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. डाळ-तांदळानं! ज्यांना सुरुवातीच्या दोन महिन्यांत थोडं वजन चढलं त्यांच्यात मरणाचा धोकाही बराच कमी दिसला. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम मी आजीला वाचून दाखवलं. गिरणीतला कामगार आणि कोपीतली ऊसतोड बाई का आजारी पडतात हे शोधायला यापेक्षा लांब जायला नको.

वाचताना मला सगळ्यात जास्त चीड आली ती नव्वदच्या दशकातल्या एका निर्णयाची. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं क्षय ही जागतिक आणीबाणी आहे असं जाहीर केलं. चांगलं झालं. गोळ्या समोर बसून घ्यायला लावण्याची डॉट्स पद्धत जगभर गेली, आपल्याकडं १९९७ पासून, आणि तिनं लाखो माणसं वाचली. पण माझ्यासारख्यांचं काय? न्यूयॉर्कमध्ये नव्वदच्या सुरुवातीला एमडीआर पसरला तेव्हा तिथं कोट्यवधी डॉलर खर्चून तो आटोक्यात आणला. गरीब देशांना मात्र सांगितलं गेलं की एमडीआरचा उपचार तुम्हाला परवडणार नाही, साध्या क्षयाकडं लक्ष द्या. म्हणजे आमच्यासारख्यांना खर्चाच्या हिशेबातून वगळलं होतं. हे खोटं आहे हे पेरूची राजधानी लिमाच्या उत्तरेकडच्या काराबायो नावाच्या गरीब वस्तीत दाखवून दिलं गेलं. १९९६ पासून डॉ. पॉल फार्मर, डॉ. जिम किम आणि त्यांच्या पेरूतल्या सहकाऱ्यांनी तिथं घराघरांत जाऊन एमडीआरचे रुग्ण बरे केले. ८० टक्क्यांहून जास्त बरे झाले, श्रीमंत देशांतल्या मोठ्या दवाखान्यांच्या तोडीस तोड. त्यातली बहुतेक औषधं जुनी, पेटंट संपलेली होती, तरी महाग होती, कारण गरिबांसाठी एकत्र मागणी कुणी नोंदवलीच नव्हती. ती नोंदवल्यावर काहींच्या किमती नव्वद टक्क्यांहून जास्त उतरल्या. परवडत नाही ही निसर्गाची गोष्ट नव्हती, ती माणसांनी ठरवलेली होती आणि माणसांनीच बदलली.

माझी बाटली संपत आली तेव्हा अशीच एक बातमी आली. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं त्याच औषधाच्या क्षाराच्या रूपावर आणखी एक पेटंट मागितलं होतं. मिळालं असतं तर २०२७ पर्यंत भारतात दुसरं कुणी ही गोळी बनवू शकलं नसतं. त्याला हरकत घेणाऱ्या दोन तरुण मुली होत्या, दोघी क्षयातून उठलेल्या. मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शाची फुमेझा तिसिले. दोघींची ऐकण्याची शक्ती जुन्या विषारी औषधांनी गेलेली. २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. दुसऱ्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन होता. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत गरीब देशांसाठी कोर्सचा भाव २८९ डॉलरवरून १३० डॉलरपर्यंत आला. मी बातमी पर्यवेक्षकांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "पलीकडच्या वाडीवरच्या त्या गड्याला दाखवा. त्याला वाचता येतं." मी गेलो, मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं, मुलींच्या फोटोकडं बघितलं आणि स्वतःच्या कानाकडं बोट करून माझ्याकडं बघून मान हलवली.

२०२३ च्या शेवटी माझ्या गोळ्या संपल्या. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बेडका तपासायचा असतो. आता उपचार आणखी सुधारलाय. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली सांगितला, आपल्याकडं २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर झाला. मळमळीची ती गोळी त्यात नाही. पण लिनेझोलिडनं पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होऊ शकतं, नजरेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तपासण्या चुकवून चालत नाही. आमच्या भागातला एक पोरगा, केरळात गलाईलाच होता, सध्या तो यावर आहे. त्याच्या मालकानं जागा राखून ठेवतो म्हणून कबूल केलंय आणि निम्मा पगारही पाठवतो. सगळे मालक असं करत नाहीत, पण करता येतं हे या एकानं दाखवलं.

दिवाळीत परमुलखातली माणसं गावी येतात, तेव्हा आशाताई आणि मी वाडी-वस्तीवर फिरतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल त्याला डब्बी देतो. बरेचजण म्हणतात, तेजाब बाधलंय. आम्ही म्हणतो, असेलही, पण बेडका द्या. तपासणी फुकट आहे, निकाल एक-दोन दिवसांत कळतो. दुकान त्रिचूरला असो नाहीतर कोलकात्याला, निक्षयचा क्रमांक घेऊन तिथल्या सरकारी दवाखान्यात गेलं की औषध पुढं चालू होतं. मागच्या वेळी एक मालक स्वतःच सहा कामगारांना घेऊन आला होता, आणि जाताना जास्तीच्या दहा डब्ब्या मागून घेऊन गेला.